जुन्या नावाला जुना दर

मी थकलोय हे मी इतकी वर्षं सांगतोय की घरात आता कुणी मान वर करूनही बघत नाही. साठीला म्हणालो, पासष्टीला म्हणालो, सत्तरीला तर डॉक्टरांकडून लिहून आणलं. पंचाहत्तरी गाठली तेव्हा मात्र तारीखच सांगून टाकली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी लॉन्ड्री थोरल्या सुनेच्या नावावर करायची. परवाना, मीटर, दारावरची पाटी, सगळं. मग मी मोकळा.

आमची लॉन्ड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. पत्र्याची मोठी शेड आहे, दोन हॉस्पिटलं आणि तीन हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल आमच्याकडे येतात. चार मोठी वॉशिंग मशीन, तीन ड्रायर, आणि चादर एका बाजूने ओलसर घातली की दुसऱ्या बाजूने कडक होऊन बाहेर पडते तो लांबलचक गरम रोलर. सगळं विजेवर. गाठोड्यांतून काय काय निघतं ते विचारू नका. चष्मे निघतात, थर्मामीटर निघतात, एकदा दातांची अख्खी कवळी निघाली आणि ती मागायला कुणी आलंही नाही. आठ बायका कामाला आहेत आणि एक गाडीवाला.

थोरला मुलगा माझ्याबरोबर शेडमध्ये होता. तो गेला त्याला अकरा वर्षं झाली. त्यानंतर महिन्याभराने थोरली एकटीच शेडमध्ये येऊन उभी राहिली आणि म्हणाली, घरात भिंतींकडे किती बघायचं, काहीतरी काम द्या. मूलबाळ नव्हतं. मी तिला आल्या-गेल्या कपड्यांची वही दिली, म्हटलं कंटाळेल आणि जाईल. सहा महिन्यांत कुठल्या मशीनचा पट्टा सैल झालाय हे ती नुसत्या आवाजावरून सांगायला लागली. हॉस्पिटलवाल्यांशी भांडण तिचं, साबणवाल्याशी घासाघीस तिची, आजारी बाईच्या जागी रोलरवर उभं राहणंही तिचंच. मी दाराजवळच्या टेबलाशी बसतो आणि सह्या करतो. थकलो ते त्याच्यानेच असेन.

छपरावर पॅनेल बसवायची कल्पनाही तिचीच. आठ वर्षांपूर्वी ती पॅनेलवाल्याला घेऊन आली तेव्हा मी म्हणालो, छपरावर आरसे लावून कावळ्यांची सोय करणार आहेस का? पण हिशेब सरळ होता. ऊन दुपारी कडक, आणि दुपारी आमची शेड म्हणजे नुसती भट्टी, रोलरजवळ उभं राहवत नाही. म्हणून आम्ही काम पहाटे पाच ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ असं बांधलं आणि दुपारी कुलूप. दुपारची सगळी वीज कंपनीला जायची, आणि जितके युनिट दिले तितके सकाळ-संध्याकाळ परत वापरायला मिळायचे. शेजारणीच्या फ्रिजमध्ये दूध ठेवावं आणि लागेल तेव्हा जाऊन आणावं, तसं. सूर्य दुपारी कामाला आणि बायका घरी, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचो, जणू पॅनेल मीच सुचवली होती.

सोमवारला पंधरा दिवस राहिले असताना कंपनीचं पत्र आलं. तीन पानं, मुंगीएवढी अक्षरं. मी दोनदा वाचलं, थोरलीने एकदाच वाचलं आणि मला सांगितलं. पुढच्या महिन्यापासून धंद्याच्या जागांवर ज्यांची पॅनेल आहेत त्यांचे दर बदलणार होते. दुपारी दिलेले युनिट आता दुपारच्याच वापरातून वळते होणार. पहाटे आणि संध्याकाळी लागेल ती वीज विकत घ्यायची, आणि संध्याकाळचा दर सगळ्यांत चढा. दुपारची उरलेली वीज कंपनी घेणार ती पाव किमतीत. म्हणजे शेजारणीने सांगितलं, दूध ठेवा, पण संध्याकाळी हवं असेल तर माझ्याकडून विकत घ्या.

शेवटच्या पानावर तीन ओळी होत्या. जुन्या ग्राहकांचा करार संपेपर्यंत त्यांना जुनाच दर राहील. आमचा करार वीस वर्षांचा, म्हणजे अजून बारा वर्षं. अटी दोनच, मीटरवरचं नाव बदलता कामा नये, आणि मीटर व परवाना एकाच नावावर हवेत.

मी कपाळाला हात लावला. जरा जास्तच जोरात लावला. थोरलीने पत्राची घडी घालून ती माझ्या टेबलावर ठेवली आणि ओल्या चादरींची गाडी एकटीनेच ड्रायरपर्यंत ढकलत नेली. ती गाडी ढकलायला दोघी लागतात.

धाकटा दुसऱ्या शहरात असतो, गार हवेच्या ऑफिसात. दर रविवारी फोन करतो. त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो अगदी सहज म्हणाला, मग नाव बदलायचं कशाला, कागदावर तुम्ही राहा, काम वहिनी करतेच आहे, फरक काय पडतो? मग त्याने मला रोज चालायला सांगितलं, मीठ कमी करायला सांगितलं, आणि बारा वर्षं तब्येत सांभाळायची आहे असं बजावलं. मी म्हटलं, म्हणजे सत्त्याऐंशी होईपर्यंत मला मरायचीही परवानगी नाही. तो हसला, पण पुढच्याच आठवड्यात त्याने रक्तदाब मोजायचं यंत्र पाठवून दिलं. पॅनेल पुसायला आलेला पॅनेलवालासुद्धा शिडीवरून उतरताना विचारून गेला, आप्पा, साखर किती आहे? जन्मात माझी इतकी काळजी कुणी केली नव्हती.

शुक्रवारी मी स्वतःच वीज कंपनीच्या ऑफिसात गेलो. तोंडी ऐकलेलं बरं, पत्रात माणसाला भलतंच वाटतं. खिडकीवरच्या बाई भल्या होत्या. त्यांनी जाड पुस्तक उघडून नियम दाखवला. हयातीत नाव बदललं तर नवा दर, यात काही करता येत नाही. पण ग्राहक वारला आणि मीटर मुलगा, मुलगी किंवा नवरा-बायकोपैकी मागे राहिलेल्याच्या नावावर झालं तर दर जुनाच चालतो.

माझी बायको कधीच गेली. मी विचारलं, आणि सून?

बाईंनी बोट यादीवरून खाली नेलं, पुन्हा वर आणलं. सून यादीत नव्हती.

"काका, मुलाच्या नावावर करायचं असेल तर उगाच घाई करू नका," त्या म्हणाल्या. आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांचं त्यांनाच कळलं. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी स्वतः उठून मला ग्लासभर पाणी आणून दिलं. मी ते प्यालो, काय करणार?

येताना बसमध्ये मी सगळं नीट मांडून बघितलं. मी आहे तोवर लॉन्ड्री माझी. मी गेलो की स्वस्त विजेसाठी मीटर आणि परवाना धाकट्याच्या नावावर, म्हणजे लॉन्ड्री त्याची. धाकट्याला धुण्यातलं ओ की ठो कळत नाही. शेडची जागा आज विकली तर काय येईल हे मात्र त्याने मला तीनदा सांगितलंय. म्हणजे माझ्यामागे महिन्याभरात शेडला कुलूप, आणि अकरा वर्षं तिथे राबलेली थोरली मोकळ्या हातांनी रस्त्यावर. मी जिवंतपणी नाव बदललं तर लॉन्ड्री तिची, पण महाग विजेची. यात न कळण्यासारखं काही नव्हतं. सहावीतल्या पोरालाही कळलं असतं.

घरी आल्यावर थोरलीने विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, थांबा म्हणाले, अजून नक्की नाही.

सोमवार आला. ती नेहमीसारखी पहाटे पाचला शेडमध्ये होती, पण कामाचा अंगरखा घातला नव्हता, बाहेर जायचे कपडे होते. दहा वाजता काम आवरल्यावर तिने माझ्यासमोर प्लास्टिकची फाइल ठेवली. सगळ्या कागदांच्या दोन-दोन प्रती, फोटो, आणि दोन पेनं, एक चाललं नाही तर दुसरं. मी फाइल उघडून बघितली आणि म्हटलं, आज नको, दर कुठे स्थिरावतोय ते जरा बघू. ती बरं म्हणाली. फाइल माझ्याच टेबलाच्या खणात ठेवली, खण हळूच लावला आणि अंगरखा आणायला गेली.

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

गुरुवारी दुपारी शेड बंद होती आणि मी आत टेबलाशी डुलक्या काढत होतो. घरी पंखा असतानाही मी तिथेच का बसतो हे विचारायचं सगळ्यांनी सोडून दिलंय. थोरली आली आणि समोरच्या गाठोड्यावर बसली. तिच्या हातात एक कागद होता.

"धाकट्या भाऊजींचा फोन होता," ती म्हणाली. "म्हणाले, वहिनी, काळजी करू नका, आप्पांच्या नंतर मीटर माझ्या नावावर जुन्याच दराने येतंय, ऑफिसात विचारून घेतलं मी. सून यादीत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. तुम्हाला हे कधी कळलं, आप्पा?"

"शुक्रवारी."

तिने मान हलवली. मग मी बोलायला लागलो. नवा दर तुझ्याच डोक्यावर बसेल, संध्याकाळची वीज परवडणार नाही, वर्षभरात धंदा गोत्यात येईल, तुझ्या भल्यासाठीच थांबलोय. हे सगळं मी चांगलं रंगवून सांगितलं. तिने मला पूर्ण बोलू दिलं आणि हातातला कागद पुढे केला.

तिने सगळं आधीच बघून ठेवलं होतं. पहाटेचं आणि संध्याकाळचं काम बंद. सकाळी नऊला यायचं, कपडे वेगळे करायचे, फाटलेलं शिवायचं. मशीनं दहाला, ड्रायर आणि रोलर अकरा ते चार, ऊन असेपर्यंत. हॉस्पिटलवाले कपडे सकाळऐवजी संध्याकाळी घ्यायला तयार झाले होते. छपराजवळ हवा बाहेर फेकणारे दोन मोठे पंखे बसवायचे होते. बायकांनाही तिने विचारलं होतं. त्या म्हणाल्या, दुपारी घामाच्या धारा लागतील, पण संध्याकाळी घरी पोरांजवळ असू. एकीने तर विचारलं म्हणे, हे आधी का नाही केलं?

"एवढं करूनही नफ्यातला तिसरा हिस्सा जाईल," ती म्हणाली. "जाऊ दे."

"तिसरा हिस्सा म्हणजे थोडा नाही."

"आप्पा, दर वाढला म्हणून तुम्ही थांबलात असं नाही. दर वाढला नसता तर दुसरं काहीतरी वाढलं असतं. तुमचं ब्लडप्रेशर वाढलं असतं." हे ती न चिडता म्हणाली, साबण संपलाय असं सांगावं तसं. "तुम्ही थकलात की सगळ्या गावाला सांगता. मीही थकलेय. मी कुणाला सांगू?"

मी टेबलावरच्या पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"हॉटेलवाले स्वतःची लॉन्ड्री काढतायत. त्यांनी मला दोनदा विचारलंय. तिथेही मी दुसऱ्याचंच सांभाळीन. पण तिथे रोज सकाळी कुणी म्हणणार नाही, की हे सगळं तुझंच आहे."

मग ती उठली आणि घरी स्वयंपाकाला गेली. कागद टेबलावरच राहिला.

आता खोटं बोलून काही फायदा नाही, म्हणून सांगतो. पत्रातल्या त्या तीन ओळी ऐकल्या तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं. इतकं बरं की मला माझीच लाज वाटली आणि ती झाकायला मी कपाळाला हात लावला. आयुष्यभर सोडतो सोडतो म्हणत आलो, आणि सोडायची वेळ आली तेव्हा कंपनीने मला निमित्त आणून दिलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, माझं अंगण तर सरकारी कागदावर वाकडं होतं, सही-शिक्क्यासकट. थोरलीच्या हातात शेड गेली तर मी कोण, हा प्रश्न मला छळत होता. टेबलाशी बसून सह्या करणारा म्हातारा तरी होतो. सह्याही गेल्या की नुसता म्हातारा. आणि या एवढ्याशा भीतीपायी मी त्या पोरीला बारा वर्षं टांगून ठेवायला निघालो होतो, माझ्या मरणाची वाट बघायला लावून, ज्यातून तिला काहीच मिळणार नव्हतं. थोरला असता तर त्याने मला काय म्हटलं असतं ते मला पक्कं माहीत आहे, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता काम संपल्यावर मी खणातली फाइल काढली आणि तिला म्हटलं, चल. तिने बाहेरचे कपडे घातले नव्हते, बाहीवर साबणाचे डाग होते. मी म्हटलं, असू दे, त्यांना कागद बघायचेत.

खिडकीवर त्याच बाई होत्या. त्यांनी मला ओळखलं, थोरलीकडे बघितलं, आणि कामाचा भाग म्हणून पुन्हा सगळं समजावलं. आज सही केली की जुना दर कायमचा गेला, पुन्हा अर्ज करून मिळत नाही. नीट विचार केलाय ना?

मी म्हटलं, मी नाही केला, हिने केलाय.

अर्जात एक रकाना होता, नाव बदलण्याचं कारण. मृत्यू, विक्री, इतर. मी इतरवर खूण केली. त्यापुढे रिकामी ओळ होती, तिथे कारण लिहायचं. मी लिहिलं, लॉन्ड्री तीच चालवते. बाई म्हणाल्या, काका, असं नाही लिहीत, बक्षीस असं लिहा. मी म्हटलं, बक्षीस कसलं, अकरा वर्षं राबलीय ती. त्यांनी तसाच शिक्का मारला. थोरलीने आधी बाहीला हात पुसले आणि मग सही केली. मी दुसरीकडे बघितलं, मी बघत राहिलेलं तिला आवडलं नसतं.

रविवारी धाकट्याचा फोन आला. आप्पा, बारा वर्षांचा स्वस्त दर तुम्ही हाताने घालवलात, असं म्हणाला, आणि आणखीही बरंच म्हणाला. मी ऐकून घेतलं. शेवटी म्हटलं, मीठ मात्र कमीच खातोय. त्याने फोन ठेवला. पुढचे दोन रविवार त्याचा फोन आला नाही. याचं वाईट वाटतं मला, तोही माझाच मुलगा आहे.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला नवा दर लागला, तिच्या नावावर. नवी वेळ नऊची होती, पण माझी झोप काही कंपनीला विचारून उघडत नाही. मी आठलाच जाऊन बसलो. नऊला बायका आल्या, गाठोडी सोडली, हॉस्पिटलच्या एका बाजूला आणि हॉटेलच्या दुसऱ्या बाजूला असे ढीग लागले. छपराजवळ नवे पंखे घरघरत होते. रोलर तापायला अर्धा तास लागतो. आज पहिला दिवस, उशीर नको, म्हणून मी उठलो आणि रोलर चालू करायला बटणावर हात नेला.

"आप्पा, इतक्यात नाही," थोरली शेडच्या त्या टोकावरून म्हणाली.

"तापायला वेळ लागतो गं."

"साडेदहाला मी लावीन."

बायकांचे हात थांबले. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. कुणीतरी म्हणेल, लावू दे की आप्पांना, असं मला वाटलं. कुणी म्हणालं नाही. मला राग आला, खोटं कशाला सांगू, चांगलाच आला. ही शेड मी उभी केलीय, हा रोलर मी हप्त्यांनी घेतलाय, असं सगळं तोंडाशी आलं. पण मालकाने नाही म्हटलं की हात खाली घ्यायचा, हे मी या शेडमध्ये कितीतरी जणांना दटावून शिकवलंय. मी हात खाली घेतला.

टेबलाशी येऊन बसलो. सही करायला काही नव्हतं. ज्या विश्रांतीसाठी पंधरा वर्षं सगळ्यांचे कान खाल्ले ती अशी समोर येऊन बसली, आणि मला रडू फुटलं. मी चष्मा पुसायचं नाटक केलं, पण म्हाताऱ्याचं नाटक कितीसं टिकणार?

थोरली ढिगांमधून वाट काढत माझ्यापर्यंत आली. मग तिने हॉस्पिटलच्या अभ्र्यांचं गाठोडं उचलून माझ्या टेबलावर ठेवलं.

"आप्पा, नुसतं बसायचं असेल तर घरी बसा, पंखा लावून," ती म्हणाली. "इथे राहायचं असेल तर हे मोजायला घ्या."

मी गाठोड्याची गाठ सोडली आणि मोजायला लागलो.